कुंपणातली वाट

बोरवंडला छोटी आगगाडी थांबायची, तेव्हाची ही गोष्ट. स्टेशनामागच्या कुंपणाला भगदाड होतं आणि कडुनिंबाने फांदी खाली सोडून ते झाकलं होतं. गावकरी तिथूनच बिनतिकीट चढत. भाजीवाली ठकूबाई सगळ्यांच्या पुढे.

तिकीटखिडकी चिडायची, "अरे, यांना माझ्याकडे पाठव!"

"गरीब आहेत गं. एवढ्याने काय गाडी बंद पडणार आहे?" निंब म्हणायचा.

एकदा मोठे साहेब आले. खिडकीवर कोळ्याची जाळी पाहून म्हणाले, "इथे कुणीच चढत नाही." गाडी बंद झाली, रूळही उचलले.

आता म्हातारी ठकूबाई पाटी घेऊन बाजाराला पायी जाते. निंबाखाली टेकली की विचारते, "आमची गाडी कुणी रे बंद केली, बाबा?"

निंब सावली तेवढी देतो.