खंदकाच्या मजुरांचे माप

फार पूर्वी कुसुंबनगरात राजा विजितसेन राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या मापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. नगराच्या कामावर राबणाऱ्यांना मजुरी धान्यात मिळे आणि ती मापाऱ्यानेच मोजावी अशी रीत होती. दुसऱ्या कोणी मोजलेले धान्य मजुरी म्हणून धरत नसत.

वेशीबाहेरच्या खंदकातला गाळ दर उन्हाळ्यात उपसावा लागे. हे काम नगरसभा मक्त्याने देई, आणि तेही जो सर्वांत कमी मागेल त्याला. एकमेकांच्या खाली उतरता उतरता मक्तेदारांनी तळ गाठला होता. बैलाला वैरण कमी घातली तर बैल बसतो, फावडे स्वस्तातले घेतले तर मोडते. मग काटछाट व्हायची ती माणसांच्या घासात. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण नगरसभेला हे सांगणार कोण?

बोधिसत्त्वाने सांगितले. "मजुराच्या घरची चूल पेटेल एवढे धान्य जो देईल, त्यालाच मक्ता द्यावा," असे तो भर सभेत म्हणाला.

नगरश्रेष्ठी महोदर हसला. "एवढे म्हणजे केवढे? बोलवा एखाद्याला. इथेच जेवू घालू. तो खाईल तेवढे त्याचे माप!"

बोधिसत्त्वाने हे मान्य केले, आणि तिथेच तो चुकला. उपाशी माणूस ताटावर तुटून पडेल, असे त्या भल्या माणसाला वाटले. तो स्वतः खंदकावर गेला आणि तिंदुक नावाच्या मजुराला घेऊन आला. तिंदुकाच्या घरी बायको आणि तीन मुली होत्या.

तिंदुक हातपाय धुऊन अंग चोरून बसला. पुढ्यात भाताचा ढीग वाढला. त्याने चार घास खाल्ले, मग थांबला आणि उरलेला भात खांद्यावरच्या फडक्यात बांधू लागला.

"भरले पोट! वर उरलेसुद्धा!" सभासद म्हणाले.

"अरे, पोटभर जेव ना," बोधिसत्त्व कळवळून म्हणाला.

"घरी पोरी उपाशी आहेत, धनी. घास उतरत नाही गळ्याखाली."

बोधिसत्त्व सभेकडे वळला. "मग फडक्यात बांधलेलेही मापात धरा."

"का म्हणून?" महोदर म्हणाला. "याच्या पोरी आमचा गाळ उपसतात काय?"

सभेला हे बिनतोड वाटले. तिंदुकाने खाल्ले तेवढेच माप ठरले, आणि ते आधीच्या मापापेक्षाही लहान निघाले. करायला गेलो काय आणि झाले काय, अशी बोधिसत्त्वाची गत झाली.

आणि तरीही पंधरा दिवस त्याने खाली मान घालून त्याच मापाने मोजले. त्याचे घर, शेत, मानमरातब सगळे त्या पदावर होते. तो भ्याला होता. बोधिसत्त्व झाला म्हणून हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सोळाव्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन चढणीवर आलेला तिंदुक कोसळला आणि खाली गाळात पडला. लोकांनी बाहेर ओढला तेव्हा तो संपला होता.

त्या संध्याकाळी बोधिसत्त्वाने माप जमिनीवर पालथे घातले. "आता मी मोजणार नाही," तो म्हणाला. महोदराने त्याचे पद काढण्याची धमकी दिली. तिला भीक न घालता बोधिसत्त्वाने स्वतःचे कोठार मजुरांसाठी उघडले, आणि काही दिवसांत त्याच्याच घरात खडखडाट झाला. मोजणारा दुसरा मापारी नगरात नव्हता, आणि मजुरी मिळेना म्हणून खंदकात कोणी उतरेना. आषाढ तोंडावर आला आणि गाळ तसाच राहिला, तेव्हा राजाने त्याला बोलावून घेतले.

"तुला काय हवे?"

"मला काही नको, महाराज. मजुराचे माप त्याच्या घरावरून ठरवा, एकट्याच्या तोंडावरून नको. एवढे देणार नाही त्याला मक्ता देऊ नका."

राजाला दया आली की खंदकाची काळजी वाटली, कोण जाणे. त्याने तशी आज्ञा काढली.

नव्या मापाच्या पहिल्या दिवशी रांगेत खेमा उभी होती, तिंदुकाची बायको. नवऱ्याच्या जागी आता ती गाळ उपसत होती. बोधिसत्त्वाने तिच्या टोपलीत भरले माप ओतले. तिने दोन ओंजळी काढून परत ढिगावर टाकल्या.

"अगं, हे तुझेच आहे," तो म्हणाला.

"एवढं लागत नाही आता, दादा. खाणारं एक माणूस कमी झालंय."

त्याने ते धान्य पुन्हा तिच्या टोपलीत घातले. पण मान वर करून तिच्याकडे पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

इतके सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, त्या जन्माचा या जन्माशी मेळ घातला. "तेव्हाचा महोदर म्हणजे आज या विहाराचे बांधकाम सर्वांत स्वस्त मागणाऱ्याला देऊन पुण्य जोडणारा, हा पुढे बसलेला उपासक. तेव्हाची खेमा आज दाराबाहेर विटा वाहते आहे. आणि पंधरा दिवस गप्प राहिलेला मापारी, तो मीच." मग ते म्हणाले, "माणसाची भूक मोजण्याआधी त्याच्या चुलीभोवती किती जण बसतात ते विचारावे. याला करुणा म्हणतात. त्या जन्मी ती माझ्यात होती, भिक्षूंनो, पण तिंदुक मरेपर्यंत मी तिला थांबवून ठेवले."