नदीकाठचे सतरा कारकून

नदीकाठच्या त्या राज्यात विद्येची टंचाई कधीच नव्हती. टंचाई होती ती टिपून घेणाऱ्यांची.

दरवर्षी नदी फुगली की अलीकडचा काठ बुडे. पलीकडच्या टेकडीवर जायला पात्रात बारा दगड होते, पण गढूळ पाण्याखाली दडलेले. दर पुरात त्यांच्या जागा बदलत, आणि यंदा कुठला दगड कुठे, हे फक्त कासवगुरुजींना ठाऊक. एका वर्गात एक दगड, असे बारा वर्ग ते घेत. एकदा सांगितलेले पुन्हा सांगत नसत, आणि बारावा वर्ग संपला की मान आत घेत, ती पावसाळाभर बाहेर काढत नसत. म्हणून प्रत्येक कुळाने एक विद्यार्थी पाठवून सगळे लिहून आणायचे, अशी रीत होती.

त्या साली दरबाराने विद्यार्थ्यांना काचपाट्या वाटल्या. वाटपाचा सोहळा तीन दिवस चालला. पाटीवर लिहायचे कसे, हे मात्र कोणी सांगितले नाही. काचेवर नुसते बोट फिरवून काही उमटत नसे. पाटीच्या आत एक कारकून नेमावा लागे. तो तुमचे अक्षर झेलून जपून ठेवी. असे कारकून सतरा होते. कोणता नेमावा हे सांगायला फांदीफांदीवर साळुंक्या बसल्या होत्या, आणि ज्याने दाणे टाकले तोच कारकून त्यांच्या मते सर्वोत्तम होता. दरबाराला हे माहीत होते. साळुंक्यांना दरबाराचेही दाणे होते.

खारींच्या कुळाने भिंगरी नावाच्या हुशार खारीला धाडले. "नीट लिहून आण गं बाई," तिची आत्या म्हणाली. "पंचेचाळीस शेपट्यांचा जीव आहे तुझ्या पाटीत."

पहिल्या वर्गाला भिंगरीने मोर नेमला. त्याच्याकडे चाळीस रंगांची शाई होती. तिने रिवाजाप्रमाणे पानाच्या डोक्यावर 'श्री' काढला, समास आखला आणि जांभळी शाई बरी की मोरपिशी, याचा विचार करू लागली. ठरेपर्यंत पहिला दगड सांगून झाला होता.

दुसऱ्या वर्गाला पोपट. नवा कारकून म्हणजे नवी वही. पुन्हा श्री, पुन्हा समास. गुरुजी "दुसरा दगड" एवढेच म्हणाले, तोच पोपटाने पुढे लिहून टाकले, "अत्यंत महत्त्वाचा असून त्याचे अनेक फायदे आहेत."

"हे मी कुठं म्हटलं?" गुरुजींनी पाटीत डोकावून विचारले.

"पण छान वाटतं की नाही?" पोपट म्हणाला.

तिसऱ्या वर्गाला कोळी. त्याने मात्र शब्दन् शब्द जपला. परत मागितला तेव्हा म्हणाला, "जाळ्यात आलेलं बाहेर सोडायची आमच्यात पद्धत नाही."

भिंगरीच्या शेजारी साळिंदर बसे. त्याला सगळे काटेऱ्या म्हणत. त्याची पाटी कुठे होती कोण जाणे. तो स्वतःचाच एक काटा उपटून पळसाच्या पानावर ओरखडे काढी.

"हे अक्षर आहे की गोम मेलीय?" भिंगरीने विचारले.

"गोमच आहे," काटेऱ्या म्हणाला. "पण चौथा दगड वडाच्या मुळासमोर आहे. तू लिहिलंस?"

"आज घुबड लावून बघतेय. एकदा कारकून पक्का झाला ना, की सगळं एकदमच लिहीन."

बाराव्या वर्गाच्या शेवटी गुरुजींनी विचारले, "झालं ना लिहून, भिंगरे?"

"अजून पाच कारकून बघायचे राहिलेत, गुरुजी."

गुरुजींनी मान आत घेतली.

वर्ग संपल्यावर चौथ्या दिवशी नदी फुगली. खारींचे अख्खे कूळ काठावर जमले. पाणी शेपट्यांना लागत होते. "सांग गं, पहिला दगड कुठे?" आत्या ओरडली. भिंगरी पाने उलटू लागली. श्री आणि समास. श्री आणि समास. जांभळा श्री, सोनेरी श्री, किनार असलेला श्री.

"हे बारा श्री कशाला?" आत्या म्हणाली. "वर पोचल्यावर देवाला दाखवायला?"

तेवढ्यात काटेऱ्या आपले कूळ घेऊन पाण्यात उतरला. आत्याने पदर नसताना सावरल्यासारखे केले. "अहो काटेराव! आम्हालाही घ्या की."

"या. पण अंतर ठेवा, माझे काटे ओळखदेख बघत नाहीत."

तो पळसाचे पान डोळ्यांजवळ धरून दगड सांगे, साळिंदरे पुढे सरकत, त्यांच्यामागे खारी उड्या घेत. खारींत सगळ्यांच्या पुढे असलेली भिंगरी सातव्या दगडावर पोचली. तिच्या मागच्या सहा दगडांवर सगळे कूळ दाटीवाटीने उभे होते आणि पाणी चढत होते.

तोच तिच्या काखेतली पाटी उजळली. अठरावा कारकून आला होता. भिजल्या हातानेही लिहिता येते, असे त्याचे म्हणणे होते.

"आठवा!" काटेऱ्या पुढून ओरडला. "डावीकडे, दोन उड्या!"

"अगं भिंगरे, हल की!" मागून आत्या ओरडली.

घोटाभर पाण्यात उभी राहून, जिभेचे टोक बाहेर काढून, भिंगरी पानाच्या डोक्यावर श्री काढत होती.