राक्षस ऐकतो तेव्हा

एकदा एक राक्षस म्हातारा झाला.

घाबरू नका, पुराणातला नव्हे, दशावतारी नाटकातला. आपा राऊळ त्यांचं नाव. कुडाळच्या बाजूला एका गावात राहायचे. उभं आयुष्य त्यांनी जत्रेजत्रेत राक्षस करण्यात घालवलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मुकुट उतरवला आणि अंगणात बाक टाकून बसले. आवाज तेवढा म्हातारा व्हायचा राहून गेला होता. आपा शिंकले तरी शेजारची कोंबडी उडायची.

अशा माणसाकडे शिकायला कोण येणार? तर पुण्याहून एक मुलगी आली. शर्वरी मगदूम. ती एका कंपनीत कॉम्प्युटरवरचे गेम लिहायची. ही गोष्ट कळेपर्यंत, गेम कुणीतरी लिहितं हे माझ्या गावीही नव्हतं. माझी समजूत अशी, की गेम आपोआप उगवतात आणि मुलांना बिघडवतात. पण नाही. त्यातल्या प्रत्येक पात्राला कुणीतरी बसून स्वभाव द्यावा लागतो.

शर्वरीच्या वाट्याला आला होता परग्रहावरचा एक सैनिक. त्याचं नाव झोर्क. चार हात, अंगभर खवले, मानेभोवती शिंपल्यासारख्या पातळ चकत्या. गेम खेळणारा असतो पृथ्वीवरच्या तुकडीचा कप्तान, आणि झोर्क त्याच्या बाजूनं लढतो. हा सैनिक राक्षसासारखा चालायला हवा, म्हणून शर्वरी आपांकडे राहून राक्षसाची चाल आणि युद्धाची पावलं शिकली होती. पुढे कंपनीनं आपांनाच पुण्याला बोलावलं. काळा तंग पोशाख घालून, अंगाला हालचाली टिपायच्या गोट्या चिकटवून त्यांना चालायला लावलं आणि त्यांच्या गर्जना रेकॉर्ड केल्या. गावात लोकांनी त्यावरून त्यांची पुष्कळ टर उडवली, पण आपांना त्याचं काही नव्हतं. आता झोर्क चालायचा तो आपांसारखा आणि गर्जायचा तोही आपांच्याच आवाजात.

एवढं असून झोर्कवर संकट आलं.

गेमच्या मध्यावर एक कोसळणारा पूल येतो. कप्तान आधी पलीकडे पोचतो, झोर्क मागून येत असतो. त्याच्यासाठी थांबलात तर तो पोचतो, पण तोवर शत्रू तुमच्यावर गोळ्या झाडतो. न थांबता पळालात तर झोर्क पुलासकट खाली जातो आणि परत येत नाही. कंपनीनं काही लोकांना गेम खेळायला बसवलं. झाडून सगळे पळाले, एकानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांतल्या रेणुका नावाच्या मुलीला शर्वरीनं विचारलं, "झोर्कला सोडून जाताना काही वाटलं नाही?"

रेणुका म्हणाली, "झोर्क कोण? तो ओरडणारा होय?"

शर्वरीचे साहेब होते निनाद सर. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा. ते म्हणाले, "त्याला काढू आणि त्याच्या जागी उडती तोफ टाकू. तोफेला स्वभाव लागत नाही. सोमवारी शेवटचं बघू."

झोर्कसाठी शर्वरीनं दोन वर्षं घातली होती. तिनं स्वतः घडवलेलं हे पहिलंच पात्र. शनिवारी सकाळी ती लॅपटॉप आणि माइक घेऊन आपांच्या अंगणात हजर झाली.

"इलंस? चाय घेतलंस काय?" आपांनी विचारलं.

"चहा नंतर, आपा. आधी मला एक भाषण द्या. असं भाषण, की ऐकणारा रडला पाहिजे. पुलाच्या आधी झोर्क ते बोलेल आणि मग बघू कोण पळतं ते!"

"आधी दाखय तरी तुजो राक्षस काय करता तो."

शर्वरीनं लॅपटॉप बाकावर ठेवला आणि गेम सुरू केला. आपांनी तिच्या हातातला कंट्रोलर मागून घेतला. आता म्हातारा काय खेळतो ते बघावं म्हणून ती पुढे सरकली. आपांनी कंट्रोलर बाकावर पालथा ठेवला, त्यावर पानाचा डबा ठेवला आणि स्वस्थ बघत बसले.

पडद्यावर कप्तान उभा राहिला. झोर्क छाती काढून, कप्तानाच्या डोक्यावरून कुठेतरी पलीकडे बघत उभा. थोड्या वेळानं त्यानं छाती बडवली. आणखी थोड्या वेळानं गर्जना केली. मग पुन्हा छाती.

"हेका कान खंय आसत?" आपांनी विचारलं.

"आपा, तो परग्रहावरचा आहे. त्याला कान नाहीत. त्या मानेभोवतीच्या चकत्या आहेत ना, त्यांनी तो ऐकतो."

"आयकता?" आपा पुन्हा पडद्याकडे वळले. "माका काय तसा दिसूक नाय."

शर्वरीला जरा राग आला. तिनं झोर्कची हकिगत सांगायला सुरुवात केली, म्हणजे आपांना त्याचं दुःख कळेल. त्याचा ग्रह कसा जळाला, धाकटा भाऊ कसा हरवला, खांद्यावरची जखम कुठल्या युद्धातली. ती जीव तोडून सांगत होती आणि आपा सावकाश उठले. गुडघ्यांवर हात दाबून ताठ उभे राहिले. छाती काढली. तिच्या डोक्यावरून पलीकडच्या माडाच्या शेंड्याकडे बघायला लागले.

"...तर त्या भावाला शोधत शोधत तो..." शर्वरी अडखळली. "आपा, ऐकताय ना?"

आपांनी छाती बडवली.

"आपा, मी काहीतरी सांगतेय!"

आपांनी गर्जना केली. खरी, जत्रेतली. शेजारच्या कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या आणि शेजारीण माजघरातून ओरडली, "आपानू, आज काय युद्ध आसा काय?"

शर्वरीचे डोळे भरून आले. तिनं लॅपटॉप मिटला. "भाषण द्यायचं नसेल तर तसं सांगा. थट्टा कशाला करता? तिकडे ऑफिसात हेच, इकडे येऊन पुन्हा तेच."

मग आपा बसले. या वेळी तिच्या समोर, जरा पुढे वाकून. पानाला चुना लावत होते, तो हात मध्येच थांबला. ती बोलायची वाट बघत राहिले. त्या थांबलेल्या हातानं काय केलं कोण जाणे, शर्वरीच्या तोंडून जे बाहेर आलं ते तिनं आधी मनातसुद्धा म्हटलेलं नव्हतं.

"आपा, ते लोक बरोबरच बोलतात. झोर्क मलाच आवडत नाही. मी त्याला ग्रह दिला, भाऊ दिला, जखमा दिल्या. पण याच्याबरोबर बसून एक कप चहा प्यावा असं मला कधी वाटलं नाही. पुलावर मी असते तर मीही पळालेच असते."

आपांनी पान डब्यात परत ठेवलं. दशावतारी माणसाची एक गंमत असते. घरात बोलेल ती मालवणी. पण एकदा पात्र अंगात आलं, की तोंडातून अशी भारदस्त पुस्तकी मराठी निघते, की आपण सावरून बसतो. आपा आता त्या भाषेत बोलू लागले.

"शर्वरी, आमच्या नाटकाला लिखित संहिता नसते, हे तू जाणतेस. त्या दिवशीची कथा तेवढी ठरते. वाक्य कुणी कुणाला लिहून देत नाही. समोरचा राजा काय बोलणार हे त्या राजालाही आधी ठाऊक नसतं. मग राक्षसाला उत्तर सुचावं कुठून? राजाच्या बोलण्यातूनच. आमच्या मंडळात एक मोठा रुबाबदार राक्षस होता. देह असा, गळा असा! परंतु राजा बोलत असताना तो मनात स्वतःचं पुढचं वाक्य घोळवत राहायचा. एकदा राजानं त्याची परीक्षा घेतली. भर रंगमंचावर हात जोडले आणि म्हणाला, 'हे असुरश्रेष्ठा, माझं संपूर्ण राज्य मी तुला दान केलं आहे. घे आणि सुखानं राहा.' आमचा राक्षस गरजला, 'अधमा! प्राण गेला तरी बेहत्तर, हे राज्य मी तुझ्याकडून हिसकावून घेईन!' राजा म्हणाला, 'अरे बाबा, दिलं की.'"

शर्वरी रडता रडता हसली.

"सारी जत्रा अशीच हसली. त्यानंतर त्याच्या गर्जनेला लहान लेकरूसुद्धा भ्यालं नाही. ज्याच्या लेखी समोरचा माणूसच नाही, त्याचं भय वाटत नाही आणि त्याची मायाही वाटत नाही. गर्जना करताना सगळे राक्षस सारखेच असतात, मुली. राक्षस ओळखावा तो बाकावर बसलेला असताना, दुसऱ्याचं बोलणं चाललेलं असताना. आपल्यावर पूर्वी काय काय ओढवलं, ती झाली हकिगत. समोरचा बोलत असताना आपल्या आत जे हलतं, तो स्वभाव."

एवढं बोलून आपा परत मालवणीत आले. "आता तरी चाय घे."

हे वाचताना तुम्हाला तुमच्या घरातलं कुणीतरी आठवलं असेल. ही गोष्ट ऐकताना मलाही आठवलं, एकदम तीन-चार जणं. अगदी समाधान वाटलं. मग हळूच लक्षात आलं, की ही गोष्ट त्यांनी ऐकली तर त्यांना बहुधा मी आठवेन.

असो. शर्वरीनं माइक पिशवीतून काढलाच नाही. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या तिनं वसीमला फोन केला. वसीम मुल्ला म्हणजे झोर्कच्या हालचाली कॉम्प्युटरवर बसवणारा तिचा सहकारी.

"वसीम, उद्या ऑफिसला येशील? झोर्कच्या निम्म्याहून जास्त गर्जना काढायच्या आहेत."

"आणि त्यांच्या जागी काय बोलायला लावायचं?"

"काहीच नाही."

"एका दिवसात 'काहीच नाही' करता येईल," वसीम म्हणाला. "बाकी काही सांगितलं असतंस तर अवघड होतं."

रविवारी दोघं बसले. नवीन वाक्य एकही घातलं नाही. कप्तान बोलायला लागला, की झोर्क बंदूक खाली करायचा आणि त्याच्याकडे वळायचा. मानेभोवतीच्या चकत्या हलकेच उघडायच्या. कप्तान चिडून बोलला तर त्या मिटत जायच्या आणि चारही हात एकामागून एक स्थिर व्हायचे. दुपारी जेवताना शर्वरी म्हणाली, "माणसांचे विनोद याला लगेच कळणार नाहीत. कळतील, पण उशिरा." वसीमला ते फार आवडलं. त्यानं असं केलं, की कप्तानानं विनोद केला तर झोर्क तसाच उभा राहतो, दोघं चालायला लागतात, पुष्कळ पुढे जातात आणि मग अचानक झोर्कच्या सगळ्या चकत्या एकदम थरथरतात. तेच त्याचं हसणं. संध्याकाळी ते दोघं त्या सैनिकाला एकामागून एक विनोद सांगत बसले होते. त्यांतला एकही सांगण्यासारखा नाही.

सोमवारी रेणुका पुन्हा खेळायला बसली. निनाद सर मागे उभे, हातात फोन. शर्वरी दाराशी. तिला बसवत नव्हतं.

पूल आला. रेणुकाचा कप्तान धावत पलीकडे पोचला. पूल मागून ढासळू लागला, समोरून गोळ्या सुरू झाल्या. रेणुका थांबली.

एक गोळी लागली, मग दुसरी. पडद्याच्या कडा लाल झाल्या.

"अगं, पळ ना," निनाद सर म्हणाले. "मरशील."

"सर, येतोय तो."

"त्याच्याविना पुढचं खेळता येतं."

"माहितीय. पण मघाशी मी एक विनोद केलाय," रेणुका पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "त्याला अजून कळायचाय."

धुरातून झोर्क आला. कप्तानाच्या शेजारी उभा राहिला आणि दोघं पुढे निघाले. बरंच अंतर गेल्यावर त्याच्या मानेभोवतीच्या चकत्या एकदम थरथरल्या. रेणुका मोठ्यानं हसली आणि तिनं गुपचूप डोळे पुसले.

निनाद सरांनी फोन खिशात ठेवला. "तोफेचं राहू दे," असं म्हणून ते निघाले आणि दारात थांबले. "शर्वरी, मागे तू मला या सैनिकाबद्दल काहीतरी सांगायला आली होतीस ना? मी घाईत होतो. आता सांग."

ते सगळं सांगून झाल्यावर शर्वरी गच्चीत गेली आणि तिनं आपांना फोन लावला. आनंदानं तिचा श्वास वर आला होता.

"आपा, ऐका ना..."

"बरा केलंस फोन केलंस तो!" पलीकडून आपांचा आवाज गडगडला. "अगो, वांदरांनी उच्छाद मांडल्यानी हय. कवळे नारळ सगळे खाली! आणि काल एक माकड थेट पडवीत इला, आणि तुका काय सांगू..."

शर्वरीनं उघडलेलं तोंड मिटलं. कठड्याला टेकली. आपा माकडाचं सांगत होते, मग माकडावर दगड मारणाऱ्या नातवाचं, मग त्यांना मागे ठेवून जत्रांना जाऊ लागलेल्या मंडळाच्या टेम्पोचं. टेम्पोशी आले तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला. एवढ्या दिवसांत तिनं तो कधी खाली आलेला ऐकला नव्हता. ती फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली.

सैनिक वाचला ही बातमी सांगायची राहिली आहे, हे तिला बऱ्याच उशिरा आठवलं.