तळ्याकाठचा दोर

त्या राज्यात घशातून निघणाऱ्या प्रत्येक मोठ्या आवाजाला एकच नाव होतं: कल्ला.

पूर्वी तसं नव्हतं. तिथल्या जनावरांचे कान शहाणे होते. हाक आली की मान वर करायची, कारण हाकेत कुणाचं तरी नाव असतं. आरोळी आली की बाहेर यायचं, कारण ती सगळ्यांसाठी असते. किंकाळी आली की तोंडातला घास टाकून धावायचं. आणि हंबरडा ऐकला की धावण्यात अर्थ उरलेला नसे. तेव्हा सावकाश जायचं आणि जवळ बसायचं. हे कुणी शिकवत नव्हतं. आईच्या दुधाबरोबर ते पोटात जायचं.

मग वाघाची दुपारची झोप मोडू लागली. त्याने बगळ्याला आवाजांचा कारभारी नेमलं. बगळा दिवसभर चिखलात उभा, पण पिसाला डाग नाही. मासे गिळून झाले की चोच पुसून तो निवाडे करी. त्याने ठरवून टाकलं, की प्रजेचा मोठा आवाज तो कल्ला, आणि कल्ला ऐकायचा नसतो. वाघाचा आवाज तेवढा डरकाळी. ती सुरू झाली की असेल तिथे मान खाली घालून उभं राहायचं, संपेपर्यंत. नियम ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. शिसारी येते ती त्या मानांची. वाघाचं एक वेळ सोडा, तो वाघच.

एकदा बांडी गायीचं वासरू पाणी प्यायला गेलं आणि तळ्याच्या गाळात पोटापर्यंत रुतलं. काठच्या वडाला एक लांब दोर कायम बांधलेला असे, रुतलेल्याला ओढून काढायला. पण तो एकटीने ओढायचा नव्हे, चार जणांचं बळ लागे. बांडी किंचाळली. चरणाऱ्या कळपाचे कान उभे झाले आणि परत पडले.

बगळा दोन पावलांवर होता. "बाई, आवाज खाली घ्या," तो म्हणाला. "काय म्हणायचंय ते नीट म्हणा."

"वासरू बुडतंय माझं. दोर ओढायला या कुणीतरी."

"हा कल्ला झाला."

शेजारची म्हैस रवंथ करता करता म्हणाली, "अगं, गोड बोललीस तर ऐकतील तरी. तुझं मेलीचं तोंडच फाटकं."

बांडीने तेही करून पाहिलं. गाळ लेकराच्या गळ्याशी आलेला, आणि ही माय आवाज मऊ करून, मान लववून, कारभारीसाहेब कारभारीसाहेब म्हणत विनवत राहिली. बगळ्याने मान तिरकी केली.

"आता ऐकू येत नाही," तो म्हणाला.

वासराचे कान बुडाले तेव्हा बांडीने हंबरडा फोडला. अख्ख्या तळ्याने तो ओळखला. न ओळखणारं जनावर अजून जन्माला यायचंय. पण जवळ बसायला एकही आलं नाही. उलट कल्ला फार लांबला अशी तक्रार गेली, आणि ती केली म्हशीनेच. बगळ्याने वडाचा दोर सोडवला, माकडांकडून त्याचं मुसकं विणून घेतलं आणि बांडीच्या तोंडाला बांधलं. उरलेला तिच्या मानेभोवती गुंडाळला. चरण्यापुरतं काय ते सैल करत. तळं शांत झालं. वाघाला झोप लागू लागली.

पुढल्या उन्हाळ्यात पाणी आटलं, गाळ वाढला, आणि बेडकामागे उडी मारून वाघाचा बछडा त्याच जागी रुतला.

वाघ कोपरापर्यंत गाळात उतरला, खचू लागला, मागे सरला. मग त्याने तोंड उघडलं. जे निघालं ते पोट फाडून निघालं.

सगळी जनावरं जागच्या जागी थांबली. माना खाली गेल्या. सर्वांत आधी बगळ्याची.

"काय भारदस्त डरकाळी," तो पुटपुटला.

"आज भारीच लागलीय," म्हैस मातीकडे बघत म्हणाली.

वाघ एकेकाच्या तोंडासमोर जाऊन ओरडला. माना आणखी खाली गेल्या. बछड्याची फक्त नाकपुडी वर उरली होती.

त्या सगळ्या वाकलेल्या पाठींमधून एक मान वर आली. बांडी धावत सुटली. टाकायला तोंडात घास नव्हताच. ती काठाशी येऊन वाघासमोर थांबली.

वाघाने वडाकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे.