डाकेच्या थैलीचा चाप

भाद्रपद शुद्ध दशमी. गावावर लख्ख ऊन, वारा पडलेला, आणि दूर घाटमाथ्यावर मात्र काळे ढग. फार पूर्वी एका डोंगरी राज्यात असा एक दिवस उजाडला होता. ही गोष्ट त्या दिवसाची आहे. पण तिची सुरुवात त्याच्या आधीच्या कार्तिकात झाली. तेव्हा हवा कोरडी होती आणि सकाळी हातपाय फुटत होते.

त्या राज्याच्या राजधानीत दोन भाऊ राहत. थोरला कुलुपे घडवी. धाकटा डाकेचा हरकारा होता. पाठीवर मेणकापडात गुंडाळलेल्या पत्रांची थैली आणि हातात घुंगरांची काठी घेऊन तो सकाळी राजधानीतून निघे आणि दिवस मावळायच्या आत सरहद्दीच्या ठाण्यावर पोहोचे. असे आणखीही हरकारे होते. ते पाळीपाळीने जात.

थैलीचे तोंड तेव्हा दोरीने आवळून त्यावर लाखेची मोहोर लावत. पण कोणीतरी तापवलेल्या सुरीने ती मोहोर अलगद उचली, पत्रे वाची आणि मोहोर पुन्हा चिकटवून ठेवी. राजाची गुपिते बाजारात फुटू लागली. हे कोण करतो ते कळेना. मग जो थैली वाहतो त्याच्यावरच संशय आला. हरकारा रस्त्याने निघाला की लोक म्हणत, "चालले बघा, सगळ्यांची पत्रं तोंडपाठ असलेले!"

एकदा धाकटा घरी आला तो काठी कोपऱ्यात टाकून भावाच्या भात्यापाशी बसला.

"दादा, आज एका म्हातारीनं मला पाणी दिलं नाही. म्हणाली, तुझ्या हाताला चोरी लागलीय."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? तहानलेलाच चालत राहिलो. दादा, तू एवढी कुलुपं करतोस. आमच्या थैलीला एक कर ना. असं कर, की पुन्हा कुणाला आमच्याकडं बोट दाखवता येणार नाही."

थोरल्याने त्याच दिवशी काम हाती घेतले. तो हळू काम करणारा माणूस होता. आधी त्याने थैलीच्या तोंडाला लोखंडी कड्या बसवल्या, त्यांतून एक सळई ओवली आणि सळईच्या टोकाला कुलूप घातले. त्या कुलपाच्या दोनच किल्ल्या होत्या. एक राजधानीत राहणार होती आणि एक सरहद्दीच्या कारकुनाकडे. वाटेत किल्ली कुणाकडेच नाही. पण मग त्याच्या मनात आले की हरकारा विसाव्याला टेकला आणि कुणी सबंध थैलीच उचलून नेली तर? म्हणून त्याने एक साखळी केली. ती हरकाऱ्याच्या कमरेला वेढा घालून त्याच कुलपात अडकत असे. पहिल्या साखळीचे माप त्याने धाकट्याच्याच कमरेवर घेतले.

"अरे, श्वास तरी घेऊ देशील का?" धाकटा हसत म्हणाला. "उद्या चार भाकरी जास्त खाल्ल्या तर?"

"हरकाऱ्याला कोण देतंय चार भाकरी जास्त!" थोरला म्हणाला.

साखळीच्या मागच्या बाजूला, कमरेच्या डाव्या अंगाला, त्याने एक लहानसा चाप बसवला. तो दाबून फिरवला की साखळी सुटे, थैलीचे तोंड मात्र बंदच राही. हा चाप त्याने नदीसाठी ठेवला होता.

नदी वाटेच्या मधोमध होती. उन्हाळ्यात ती पायी ओलांडता येई. पावसाळ्यात नाव चालत नसे. तेव्हा हरकाऱ्यांची एक जुनी रीत होती, आधी थैली आणि मागून माणूस. दोन्ही काठांवरच्या झाडांना एक दोर बांधलेला होता. हरकारा त्या दोरावरच्या टोपलीत थैली ठेवी आणि पलीकडचा नावाडी टोपली ओढून घेई. मग हरकारा वाळलेल्या भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून मोकळ्या अंगाने पोहत जाई. पाणी कितीही असले तरी अंगावर ओझे नसल्यामुळे तो पार होई. धाकट्याने चाप दाबून पाहिला, साखळी खळकन सुटली, आणि तो लहान मुलासारखा खूश झाला.

मार्गशीर्षात कुलपाची परीक्षा झाली. दरबाराच्या अंगणात कोवळे ऊन होते. दिवाणाने कैदेतला एक घरफोड्या बोलावला होता. कुलूप घातलेली थैली एका शिपायाच्या कमरेला बांधली आणि घरफोड्याला सांगितले, "चालव तुझे हात."

घरफोड्याने तारा घातल्या, कान लावला, फुंकर मारली. थैलीचे तोंड काही उघडेना. मग त्याने शिपायाच्या कमरेभोवती बोटे फिरवली, चाप सापडला, आणि बघता बघता थैली साखळीसकट त्याच्या खांद्यावर आली.

"तोंड उघडत नाही, सरकार," तो म्हणाला, "पण हरकत नाही. घरी नेतो, पाय पसरून बसतो, सवडीनं बघतो."

सगळे अंगण हसले. घरफोड्या थोरल्याकडे वळून म्हणाला, "राग मानू नका हं, कारागीर. चाप मात्र झकास. लोण्यासारखा फिरतो!"

पुन्हा हशा पिकला. थोरल्याचे कान तापले. त्याच्या कामाला आजवर कोणी हसले नव्हते.

दिवाण हसला नाही. तो म्हणाला, "कुलूप उत्तम आहे. पण ज्याच्यावर संशय आहे त्याच्या हाताशी चाप कशाला ठेवलात?"

"सरकार, नदीवर…" थोरल्याने सुरुवात केली. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणाले, "नदीवर काय, थैली आंघोळीला काढायची का?" आणि लोक पुन्हा हसले.

"थांबा," दिवाणाने लोकांना दटावले. मग त्याने थोरल्याला विचारले, "काय म्हणत होतात? नदीवर काय?"

अंगण शांत झाले. सगळे त्याच्याकडे बघत होते. दोराची गोष्ट सांगायची, टोपलीची, भोपळ्यांची. आता भोपळ्याचे नाव काढले तर हे सगळे पुन्हा हसतील असे त्याला वाटले.

"काही नाही, सरकार," तो म्हणाला. "चाप काढतो."

त्याने घरी येऊन चाप काढला आणि त्या जागी जाड खिळा दोन्ही तोंडांनी चेपून ठोकला. साखळीच्या पोलादाला इतके चांगले पाणी दिले की कानस तिच्यावरून नुसती घसरत होती. संध्याकाळी धाकट्याने साखळी हातात घेतली आणि डाव्या अंगाला चाचपून पाहिले.

"दादा, चाप?"

"काढला. चोराला सापडला तो."

"मग पावसाळ्यात थैली टोपलीत कशी घालायची?"

"पाणी चढलं तर काठावर थांबायचं."

"थांबायचं?" धाकटा म्हणाला. "दादा, उशीर झाला की पहिला प्रश्न काय विचारतात ठाऊक आहे? कुठं बसून पत्रं वाचत होतास, असा." त्याने साखळी खाली ठेवली. "तू दिवाणसाहेबांना नदीचं सांगितलंस ना?"

थोरला भात्याकडे वळला. "सांगितलं," तो म्हणाला.

"मग झालं तर. त्यांनी काहीतरी विचार केलाच असेल," असे म्हणून धाकटा जेवायला बसला. बायकोलाही त्याने तसेच सांगितले.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. एकही थैली फुटली नाही. मोहोर उचलणारा माणूस दुसऱ्याच ठिकाणी सापडला. तो ठाण्यावरचा एक पहारेकरी होता. हरकाऱ्यांवरचा डाग पुसला गेला. ज्या म्हातारीने पाणी नाकारले होते तिने धाकट्याला गूळपाणी देऊन तोंडावरून हात फिरवला. दरबारात थोरल्याला शालजोडी मिळाली. ती पांघरताना त्याला नदी आठवली. पण तेव्हा वैशाख होता आणि नदीत गुडघाभरही पाणी नव्हते. पावसाळ्याआधी सांगू, असे त्याने मनाशी ठरवले. आषाढात पाऊस बेताचा झाला. श्रावणही तसाच गेला. हरकारे थैली खांद्यावर उचलून धरून छातीएवढ्या पाण्यातून चालत गेले. थोरल्याला वाटले, आता सांगायची गरज उरली नाही.

मग भाद्रपद शुद्ध दशमी आली. पाळी धाकट्याची होती.

तो नदीवर पोहोचला तेव्हा ऊन होते. पण पाणी गढूळ होते आणि त्यावर पालापाचोळा वाहत होता. घाटमाथ्यावर पाऊस झाला होता. पलीकडच्या काठावर म्हातारा नावाडी उभा होता. त्याने सवयीने दोरावरून टोपली सोडली. टोपली झुलत अलीकडे आली. धाकट्याने कमरेकडे बोट दाखवले.

"अरे, मग थांब तिथंच!" नावाडी ओरडला. "पाणी चढतंय!"

"चढतंय म्हणूनच आत्ता येतो, मामा! अजून कमी आहे!"

"एक दिवस उशीर झाला तर काय राजा फाशी देणार आहे का?"

"राजा नाही देणार, मामा. लोक बोलतील. आता कुठं पाणी प्यायला देतात!"

सांगड कमरेला बांधतात. पण कमरेला साखळी होती. धाकट्याने भोपळे वर छातीशी बांधले आणि तो पाण्यात शिरला. अर्ध्यापर्यंत तो चांगला गेला. तेवढ्यात वरून मुळासकट उपटलेले एक झाड वाहत आले आणि पाठीवरची थैली त्याच्या फांदीत अडकली. झाड फिरले तसा तोही फिरला. नावाड्याने पाहिले, धाकट्याचा एक हात वर होता आणि दुसरा कमरेच्या डाव्या अंगाला, जिथे पूर्वी चाप होता तिथे, काहीतरी शोधत होता. मग झाड उलटले.

दुपारी, पूर ओसरू लागल्यावर, खालच्या वळणावर तो सापडला.

राजधानीत निरोप गेला, आणि रात्र पडता पडता थोरला धावत आला. मागून धाकट्याची बायको आली. अग्नी देण्याआधी साखळी काढायला हवी होती, पण राजधानीतली किल्ली दरबाराबाहेर काढायला मनाई होती आणि दुसरी सरहद्दीच्या कारकुनाकडे होती. थोरल्याने हत्यारे बरोबर आणली होती. तारा घातल्या. कानस चालवली. कानस घसरली. साखळी ओढून काढावी तर तिचे माप त्यानेच घेतले होते. त्याचे हात सोलले, तेव्हा नावाड्याने त्याला धरून बाजूला बसवले. रात्रभर ते तसेच बसून राहिले.

सकाळी आभाळ स्वच्छ होते. कारकून किल्ली घेऊन आला, आणि त्याच सुमाराला दिवाणही येऊन पोहोचला. धाकट्याची बायको उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"सरकार, एक विचारते. नदीचं तुमच्या कानावर घातलं होतं, तरी चाप का काढायला लावलात?"

दिवाणाला काही कळेना. "कुणी घातलं होतं?"

"थोरल्या भाऊजींनी. माझ्या माणसानं मला सांगितलं होतं."

दिवाणाने थोरल्याकडे पाहिले. तो खाली मान घालून बसला होता.

"बाई," दिवाण म्हणाला, "मी विचारलं होतं. नदीवर काय, म्हणून मी सगळ्यांसमोर विचारलं होतं. ते 'काही नाही' म्हणाले."

ती थोरल्याकडे वळली. "भाऊजी?"

थोरला आपल्या सोललेल्या हातांकडे बघत राहिला. तिने पुन्हा विचारले नाही. ती परत जाऊन नवऱ्याच्या उशाशी बसली आणि त्याच्या केसांतला चिखल काढू लागली.

कारकुनाने किल्ली फिरवली. कुलूप पहिल्याच फेऱ्यात उघडले, कुठेही अडले नाही. थैलीच्या आतली, मेणकापडातली सगळी पत्रे कोरडी होती.

मुलांना ही गोष्ट सांगताना मोठी माणसे जरा थांबतात आणि तात्पर्य इथेच सांगून टाकतात. ते असे: चार माणसे हसतील म्हणून ठाऊक असलेला धोका गिळू नये, आपण गिळलेली गोष्ट भोगायला दुसऱ्यालाच पाण्यात उतरावे लागते.

थोरल्याने शालजोडी परत केली. त्याने प्रत्येक साखळीला पुन्हा चाप बसवला आणि प्रत्येक साखळी स्वतःच्या कमरेला बांधून, नदी पोहून, मगच हरकाऱ्याच्या हाती दिली. त्याच्या हयातीत दोन थैल्या चोरीला गेल्या. हरकारा एकही बुडाला नाही. धाकट्याची बायको त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.