धाकट्या बेटाची पाळी

फार फार वर्षांमागे, भर समुद्रात सात बेटांचा एक देश होता. कुठल्या बेटावर डोंगर होते, कुठे घनदाट रान, कुठे नुसत्या शिंपल्यांचे ढीग. प्रत्येक बेटाचा कारभार तिथली माणसं पाहत आणि साऱ्या देशाचा कारभार महासभा पाहत असे. महासभा दरवर्षी एकेका बेटावर भरायची. पाळी ठरलेली होती.

सगळ्यांत लहान ते धाकटं बेट. ताटासारखं सपाट. ना नदी, ना ओढा. गोड्या पाण्याची एकच विहीर, तीही उन्हाळ्यात मचूळ व्हायची. किनाऱ्याला धक्का नव्हता, त्यामुळे होडीतून उतरायचं ते कमरेएवढ्या पाण्यात. पाहुण्यांचे हाल नकोत म्हणून धाकट्या बेटाची पाळी आली की सभा थोरल्या बेटावरच भरायची. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं.

त्या वर्षी धाकट्या बेटाचा कारभार अनसाबाईकडे आला. सारं बेट तिला आत्या म्हणायचं. पाळी जवळ आली तसे महासभेचे सभापती थोरल्या बेटाहून तिला भेटायला आले. माणूस मनाने वाईट नव्हता.

"अनसाबाई, दर खेपेला विचारायचं, तुम्ही नाही म्हणायचं, हे हवंय कशाला?" ते म्हणाले. "तुमची पाळी कायमची आम्हाला देऊन टाका. त्याबदल्यात आम्ही तुम्हाला दगडी धक्का बांधून देतो."

मागच्याच पावसाळ्यात अनसाबाईची अवघडलेली भाची होडीत चढताना लाटेने खाली पडली होती. बाळ-बाळंतीण वाचली ती केवळ नशिबाने. धक्का असता तर ही वेळच आली नसती.

"घेऊन टाक आत्या," लोक म्हणाले. "सभेचा मान काय चाटायचाय?"

पण अनसाबाई सभापतींना म्हणाली, "दादा, धक्का आम्हाला हवाच आहे. पण आज पाळी देऊन धक्का घेतला, तर उद्या पाण्यासाठी काय देऊ? आमच्याकडे द्यायला दुसरं आहे काय? यंदा सभा इथंच भरू दे."

पाळी ठरलेली होती, म्हणून सभापतींना नकार देता आला नाही; ते नाराज होऊन गेले. लोकही चिडले. भाची म्हणाली, "आत्या, एवढ्या माणसांना पाणी कुठून पाजणार?"

"आपण पितो तेच पाजू," अनसाबाई म्हणाली खरी, पण मनातून ती धास्तावली होती. हातचा धक्का गेला आणि पाहुण्यांपुढे शोभाही झाली, तर लोकांना तोंड कसं दाखवणार होती ती?

सभेच्या दिवशी होड्या आल्या आणि किनाऱ्यापासून लांबच थांबल्या. एकेक सभासद धोतर सावरत पाण्यात उतरला. सभापतींचा पाय घसरला, तसं बेटावरच्या माणसांनी धावत जाऊन त्यांना धरलं.

माडांच्या सावलीत चटया अंथरून सभा बसली. दुपारी ऊन तापलं. सभापतींनी उठून जवळच्या एका घराच्या दारात जाऊन प्यायला पाणी मागितलं. अनसाबाईच्या भाचीने घरातून तांब्या आणून दिला. दार उघडंच होतं. आत पालथी घातलेली घागर सभापतींना दिसली.

"पोरी, तुझ्यासाठी पाणी?"

"विहिरीत पुन्हा पाणी झिरपेल की संध्याकाळपर्यंत," कडेवरचं बाळ सावरत ती म्हणाली. "तुम्ही प्या, काका. पाहुणे आहात."

सभापतींनी तांब्या तोंडाला लावला नाही. तो तिच्या हाती परत दिला आणि ते सभेत जाऊन उभे राहिले.

"या बेटाला धक्का हवा, हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण इथलं रोजचं जगणं मी आज पाहिलं. धक्का बांधू आणि पावसाचं पाणी साठवायला पक्कं टाकंही बांधू. बदल्यात काही मागायचं नाही. पाळी त्यांची आहे, त्यांचीच राहील."

कुणीच विरोध केला नाही. सगळ्यांच्या कपड्यांवर अजून खाऱ्या पाण्याचे डाग होते. डोंगराच्या बेटाने दगड कबूल केला, रानाच्या बेटाने लाकूड, शिंपल्यांच्या बेटाने चुना. थोरल्या बेटाने गवंडी दिले.

पुढे दगडांनी भरलेल्या होड्या येऊ लागल्या, तशी अनसाबाई पदर खोचून पाण्यात उतरली आणि प्रत्येक होडीवाल्याला शहाळं देऊ लागली.

"तुमचे उपकार कसे फेडू रे बाबांनो?"

"उपकार कसले, आत्या?" एक होडीवाला हसून म्हणाला. "आपल्याच देशाचं काम आहे."

आजवर 'देश' म्हटलं की अनसाबाईच्या डोळ्यांपुढे लांबवर दिसणारं थोरलं बेट यायचं. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण जिथे उभे आहोत, तोही देशच आहे. तिने तिथंच, पाण्यात उभं राहून, येणाऱ्या साऱ्या होड्यांना हात जोडले.

तात्पर्य: आपल्या वाट्याचा हक्क कशाच्याही मोबदल्यात सोडू नये आणि दुसऱ्याची अडचण जाणून घ्यायची तर त्याच्या दारापर्यंत जावं, अशा जाण्या-येण्यानेच देश एक होतो.