उंबरातला शेवगा

नदीकाठच्या जंगलात उंबराचे एक मोठे झाड होते आणि त्या झाडावर एक वानरी आपल्या पिल्लाला घेऊन राहत असे. बालमित्रांनो, वानरांचे रोजचे जेवण म्हणजे कोवळा पाला. पण हे पिल्लू मात्र जगावेगळे. वानरीने शेवग्याचा पाला पुढे केला, की ते ओठ घट्ट मिटून तोंडावर हात धरी आणि बोटांच्या फटीतून म्हणे, "हिरवं नको. उंबर दे." नुसत्या उंबरांवर पोराच्या अंगात ताकद कशी येणार, या काळजीने वानरी अर्धी झाली.

शेवटी तिने एक युक्ती केली. पिल्लू झोके घेण्यात रमले, की ती एक पिकलेले उंबर दातांनी हळूच उकली, आत शेवग्याचा पाला चुरून भरी आणि ते दाबून असे मिटवी, की कुणाला कळूही नये. (तुमच्या थालीपिठात आज दुधी किसून घातला होता का, हे मला विचारू नका. आईलाच विचारा.) पिल्लू ती उंबरे मिटक्या मारत खाई आणि वर म्हणे, "आईच्या हातचंच उंबर छान लागतं. मी तोडलेली फिकी असतात." वानरी दुसरीकडे बघून हसून घेई.

शेजारच्या ढोलीतली खार हे सगळे रोज पाहत होती. ती म्हणाली, "वानरीताई, एवढं आवडीनं खातंय, तर सांगून टाक की त्याला."

"छे गं. नाव काढलं की थुंकून टाकेल. पोटात जातंय ना, मग झालं तर."

पोटात जात होते आणि अंगीही लागत होते. पिल्लाची लव चमकू लागली. बरोबरीच्या पिल्लांत सर्वांत लांब उडी त्याचीच पडू लागली. आणि इथेच सगळा घोटाळा झाला. एके दिवशी त्याने सवंगड्यांना गोळा केले आणि छाती काढून सांगितले, "पाल्यानं ताकद येते म्हणतात ना? मग माझ्याकडे बघा. मी जन्मात एक पान खाल्लेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीतली सगळी पिल्ले ओठ मिटून बसली. त्यांच्या आया तावातावाने वानरीकडे आल्या. "तुझ्या पोरानं आमची पोरं बिघडवली. आता तूच काय ते सांग त्यांना." खरे सांगावे तर युक्ती फुटणार होती. वानरी नुसतीच डोके खाजवत बसली.

पुढच्याच आठवड्यात हरियलांचा, म्हणजे हिरव्या कबुतरांचा, मोठा थवा आला आणि एका सकाळीत त्याने उंबराचे झाड रिकामे केले. टोळीचा म्होरक्या हुप्प्या म्हणाला, "परवा सकाळी ओढा ओलांडून पलीकडच्या रानात जायचं. उडी ज्याची त्यानं मारायची." पिल्लू आता पोटाशी धरून न्यायच्या वयाचे राहिले नव्हते. बाकीची पिल्ले दुपारपर्यंत मुकाट्याने पाल्याकडे वळली, कारण ती लहानपणापासून तेच खात आली होती. आपले पिल्लू तेवढे उपाशी बसले, आणि बसले तेही शेवग्याच्याच फांदीवर. "मला पाला चालायचा नाही," ते म्हणे. "मी कधी खाल्लाय का?" दुसऱ्या दिवशी त्याला शेपूटही धड उचलता येईना.

पोराची ती दशा पाहून वानरीला रडू आले. सगळी टोळी ऐकत असतानाच ती म्हणाली, "बाळा, तू पाला रोज खाल्लायस. मी तो उंबरात लपवून देत होते."

पिल्लाने मान वर केली. "म्हणजे तू मला फसवत होतीस?"

"हो, फसवत होते. चुकलंच माझं. आता लपवायला उंबर नाही आणि मला लपवायचंही नाही. एक पान चावून बघ. नाही आवडलं तर थुंकून टाक, मी रागावणार नाही."

आई खोटे बोलते आहे हे दाखवण्यासाठीच पिल्लाने एक पान ओरबाडले आणि चावले. मग ते थांबले. मग त्याने दुसरे पान तोडले. "आई," ते हळूच म्हणाले, "तुझ्या उंबराला हीच चव असायची." त्याचा राग काही गेला नव्हता, पण त्या रागातच त्याने अख्खी फांदी साफ केली.

सकाळी टोळी ओढ्यावर आली. पिल्लाने उडी मारली. मागचे पाय पाण्यात बुडाले, पण हातांनी पलीकडचे मूळ घट्ट धरले होते. ते वर चढले आणि ओल्या शेपटीनेच सवंगड्यांपुढे जाऊन म्हणाले, "मी त्या दिवशी सांगितलं ते खरं नव्हतं. मला माहीत नव्हतं."

पलीकडच्या रानात उंबरेही होती आणि शेवगाही होता. टोळीतले सगळ्यांत धाकटे पिल्लू हिरव्याला तोंड लावत नव्हते. आपल्या पिल्लाने एक उंबर उकलले, आत पाला भरला आणि ते मिटता मिटता आईकडे पाहिले. मग त्याने ते तसेच उघडे ठेवून धाकट्यापुढे धरले. "यात शेवगा आहे. आधी मलाही नको वाटायचा." धाकट्याने वास घेतला, बराच वेळ विचार केला आणि तोंड उघडले.

तात्पर्य : चोरून भरवलेल्या घासाने पोट भरते, पण अन्नाची ओळख होत नाही; आणि ज्याची ओळख नाही, ते समोर असूनही उपाशी राहावे लागते.